मागच्या बाजूचं गाणं

गाण्याची जुनी तबकडी विकत घ्यायची तर आधी ती उन्हात आडवी धरायची, डोळ्याच्या रेषेत. तोंडासमोर धरून लेबल वाचत बसणारा माणूस हमखास फसतो. आडवी धरली की सगळं दिसतं. वाकलीय का, कुणी तिच्यावर गरम पातेलं ठेवलं होतं का, बारमध्ये घासली की घरात. मग वास घ्यायचा. चुलीजवळची असली तर धुराचा येतो, बारमधली असली तर आंबूस येतो. आणि काही काही तर शेतात काठीला लटकवलेल्या असतात पाखरं उडवायला. त्यांना कसलाच वास येत नाही. त्या मी घेत नाही.

किसुमूच्या किबुये बाजारात दर रविवारी माझं पाल असतं. डावीकडे जुन्या कपड्यांचे ढीग, उजवीकडे सुकटवाल्या बायका, मध्ये मी, माझी खोकी आणि बॅटरीवरचा प्लेअर. मला सगळे सांतुरी म्हणतात. सांतुरी म्हणजे तबकडीच. आईबापांनी ठेवलेलं नाव बायको भडकली की घेते, तेवढंच.

मी विकतो त्या छोट्या तबकड्या, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या. आमच्या गाण्यांचं एक आहे, छोट्या तबकडीच्या एका बाजूत मावत नाहीत. आमचा गिटारवाला सुटला की सुटला. मग अर्धं गाणं पुढच्या बाजूला आणि उरलेलं मागच्या. पुढची बाजू मध्येच बंद पडते, घास तोंडाशी नेलाय आणि कुणी ताट ओढलं तशी. मग उठायचं, तबकडी उलटायची. खरी मजा मागे. तिथं गिटार हळू होते आणि गाणारा माणसांची नावं घ्यायला लागतो. ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ द्यायची आणि वर स्वतःची बढाई मारायची. ‘मीच तो, ज्याला बघून सासू पदर सावरते!’ पुढच्यानं त्याच्यावर कडी करायची. समोर बँड असो नाहीतर नुसती तबकडी, ओ द्यायचीच. घरात एकटा बसलेला माणूससुद्धा देतो. न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं.

तर अशाच एका रविवारी एक म्हातारी पालासमोर येऊन उभी राहिली. मागे तिचा मुलगा, दाढीत पांढरे आलेला.

“सांतुरी तूच का?”

“मीच, आई. बसा. काय लावू?”

“माझ्या पोराचं गाणं.”

सुकटवाली फिस्सकन हसली. “आजी, पोरगा तर मागे उभाय. त्यालाच सांगा की म्हणायला! काय रे बाप्या, एवढा घोडा झालास, अजून आईचं बोट सोडत नाहीस?”

“सोडून झोपू कुठं, मावशी? मला घरच नाही,” तो म्हणाला. हसत म्हणाला, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

त्याचं नाव ओबुरा. गाणं हवं होतं ते त्याच्या थोरल्या भावाचं, ओग्वेनोचं. म्हातारीला सगळे मिन ओग्वेनोच म्हणायचे, म्हणजे ओग्वेनोची आई. थोरल्याच्याच नावानं हाक मारतात आमच्याकडे. ओग्वेनोनं तरुणपणी नैरोबीला जाऊन एक तबकडी काढली. एकच. मग बेटावरच्या एका बारशाला वाजवायला गेला, येताना होडी उलटली. बाकीचे सापडले. तो नाही.

आता आमच्याकडे माणूस पाण्यात गेला आणि सापडला नाही, तर त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात. यागोच्या झाडाला दुधीभोपळ्याएवढी लांब, जड फळं लोंबतात. ते फळ घोंगडीत गुंडाळायचं, पेटीत घालायचं, रडायचं, पुरायचं. मग तो मेला. तोवर तो नुसता घरी आलेला नाही. आणि थोरला घरी आलेला नाही तर धाकट्याला घर बांधता येत नाही. फाटकाच्या उजव्या हाताची जागा थोरल्याची, त्याचं आधी उभं राहायला हवं. घर नाही म्हणून लग्न नाही. ओबुराचं अदोयो नावाच्या बाईशी ठरलेलं होतं. तिचा बाप आता म्हणायला लागला होता, या पिकापर्यंत थांबतो, पुढं नाही.

पण म्हातारी फळ पुरू देत नव्हती.

“मी त्याला मेलेला बघितला नाही,” ती मला म्हणाली. “त्याचा आवाज एकदा ऐकव. माझ्या अंगणात. मग पुरा काय पुरायचं ते.”

ओबुरानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड भरून हो म्हटलं. माझं तोंडच तसलं.

शोधली, बाबा. बोंडोपासून केरिचोच्या चहाच्या मळ्यांपर्यंत शोधली. लोक पलंगाखालून खोकी काढायचे, मी गुडघ्यावर बसून एक एक आडवी धरायचो. शेवटी मुहोरोनीला मिळाली. साखर कारखान्याच्या मागे पेरेसबाईचा बार आहे, तिथं. पूर्वी तिच्याकडे नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र होतं, त्यातली ही उरलेली. कांद्याच्या टोपलीशेजारी, भलत्याच कव्हरात होती. पण लेबलवर नाव स्पष्ट.

“ने,” पेरेसबाई म्हणाली. “माझी काय ना नाही.”

“आधी वाजवून बघतो.”

“बघ. मागची बाजू लागली की गिऱ्हाईक उठून जायचं, म्हणून काढून ठेवली होती मी.”

“का? वाईट गातो?”

“गातो छान रे. पण नावं घ्यायची वेळ आली की बोलतच नाही. नुसता थांबतो. ओ कशाला द्यायची माणसानं? बिअर हातात धरून बसायचं आणि तो थांबलेला ऐकायचा.”

मी लावली. पुढची बाजू झकास. गिटार अशी की टेबलाखाली पाय आपोआप हलावेत. उलटली. गिटार हळू झाली, आणि खरंच, थांबला. घसघस. त्या घसघसीच्या आत कुणीतरी दम घेतल्यासारखा आवाज. मग अगदी हळू, माणूस वळून बोलतो तसा तो म्हणाला, “लांब आहे. पण निघालोय.” आणि पुन्हा गिटार, आणि संपली.

पेरेसबाईनं ग्लास पुसता पुसता हात थांबवला. “हे बोलायचा नाही तो.”

“धूळ बसली असेल खाचेत. तुम्ही काय, कांद्याशेजारी ठेवली होती.”

“असेल,” ती म्हणाली. पैसे देऊ केले तर घेईना.

मी फार शिकलेला नाही. पण तबकडी मला कळते. खाच एकदा पडते. जे बोलला ते बोलला. झिजेल, चिरेल, उडी मारेल, एकच शब्द घोकत बसेल, पण नवीन बोलणार नाही. नवीन शब्द यायला प्लास्टिक काही पोपट नाही.

घरी आणून साबणाच्या पाण्यानं धुतली, मऊ फडक्यानं गोल पुसली, सुकवली. सकाळची वेळ. माझी बायको आकेच परातीत पीठ मळत होती. लावली. उलटली. गिटार हळू झाली.

“गाव मोठं लागलं,” ओग्वेनो म्हणाला. “कडेकडेनं चाललोय. वाट चुकायला नको.”

आकेच म्हणाली, “हे गाणं कुठं भरलंय? मागं पाणी का वाजतंय?”

“घसघस आहे ती.”

“घसघस मला माहितेय. तुझ्याशी लग्न करून दुसरं काय ऐकलंय मी? हे पाणी आहे. कुणीतरी पाण्यातून चालतंय.”

मी सुई उचलली. पुन्हा लावली. तेच शब्द. चार वेळा लावली, तेच. म्हटलं चला, म्हणजे पक्के आहेत, मुहोरोनीला धुळीखाली लपले असतील. पण ते ‘लांब आहे’ कुठं गेलं, ते काही केल्या सापडेना. सबंध बाजू कान लावून ऐकली. नव्हतंच.

आकेचनं हात धुतले. “आज देऊन ये. घरात ठेवू नकोस.”

ओबुराला निरोप गेलाच होता. त्या लोकांनी सगळी तयारी करून टाकली. मी मटाटूनं, आमच्या वडापच्या गाडीनं, न्दोरीच्या फाट्याला उतरलो, तो सायकल घेऊन उभा. नवा सदरा. कानापर्यंत हसत होता.

“आधी चहा,” मी म्हटलं. “आणि आधी तू ऐक.”

चहाच्या टपरीवर मागच्या बाकावर प्लेअर मांडला. पुढची बाजू लावलीच नाही, सरळ उलटी ठेवली.

“आता वळलो की घर,” ओग्वेनो म्हणाला.

ओबुराचे डोळे भरले. “भाऊच.”

“काय म्हणाला ऐकलंस?”

“ऐकलं.”

“सकाळी घरी लावली तर हे म्हणाला नव्हता. परवा मुहोरोनीला तिसरंच म्हणाला. ओबुरा, मी जन्मभर हेच केलंय. तबकडी असं करत नाही. मी ही घेऊन परत जातो. तुला दुसरी शोधून देईन.”

त्यानं कप खाली ठेवला.

“सांतुरी, खड्डा खणून झालाय. बैल कापलाय. आमचे म्हातारे ओपांडेकाका किती दिवसांनी घराबाहेर पडलेत. खणलेला खड्डा रिकामा ठेवला तर तो कुणाला तरी मागतो, हे तुलाही माहितेय. तू आता गेलास तर आई आणखी जगेल, माझ्यापेक्षा जास्त जगेल, आणि रोज सकाळी नाही म्हणेल. तिकडं अदोयोच्या बापाला आजचं सांगून ठेवलंय.” मग थोडं हसला. “गाण्यात माणूस काहीही म्हणतो रे. हे खरं तर तू म्हणायचं असतं, तुझा धंदा आहे. मी तुला समजावतोय.”

मी प्लेअर आवरला. सायकलवर मागे बसलो. प्लेअर मांडीवर, तबकडी सदऱ्याच्या आत. तलावाकडून वारा येत होता. सदऱ्याआत गार लागत होतं.

त्यांचं घर तलावाच्या चढावर. भोवती शेराचं कुंपण, त्याला एक फाटक. फाटकाच्या आत उजवीकडे मोकळी जमीन, गवत वाढलेलं. मधोमध म्हातारीची झोपडी. अंगणात माणसं बसलेली, बायका मक्याच्या घट्ट उगालीच्या हंड्याशी. डाव्या बाजूला खड्डा, त्याच्याशेजारी दोन बाकांवर पेटी. मी पोचलो तेव्हा ती सावलीत सरकवत होते. दोन दांडगी माणसं, तरी एकजण म्हणाला, “फळ आहे का दगड? पाठ गेली माझी.” हे मी ऐकलं. पुढं कामाला येतं म्हणून सांगतोय.

ओपांडेकाका खुर्चीत. चुलत घराण्यातला सगळ्यात म्हातारा, तरुणपणी बढाई मारण्यात किसुमूपर्यंत नाव. मी वाकून हात मिळवला.

“लाव रे, सांतुरी,” काका म्हणाले. “पोराला ऐकू आणि निरोप देऊ. उन्हं आहेत तोवर आटपू.”

म्हातारी प्लेअरच्या अगदी समोर बसली, पाय पसरून, पोरीसारखी. मी पुढची बाजू लावली. गिटार सुरू झाली. बायका थांबल्या. म्हातारीनं डोळे मिटले, मान हलवायला लागली. तिच्या तोंडावर जे आलं ना, ते बघून मला वाटलं, उगाच घाबरलास लेका. यासाठीच तर आणली.

बाजू संपली. मी उलटली. माझ्या बोटांना दमट लागलं.

गिटार हळू झाली.

“कोण कोण बसलंय,” ओग्वेनो म्हणाला, “माझ्या आईच्या अंगणात?”

आणि मग ओपांडेकाका काठी टेकत उठले. आयुष्यभराची सवय. कुणी पुकारलं की ओ द्यायची.

“मी बसलोय! ओपांडे! ज्याच्या बैलांना बघून पाऊस वाट सोडतो, तो मी!”

अंगण हसलं. तबकडीतून पण हसणं आलं. बरोबर वेळेवर.

“आणि मी!” एक बाई हंड्याजवळून ओरडली. “मी रेबेका, जिच्या सुकटीनं पाद्री उपास मोडतो!”

पुन्हा हशा. पुन्हा तबकडी हसली, आणि थांबली. पुढच्यासाठी.

माणसं उठायला लागली. एकेक. जावई उठला, शेजारी उठला. मेलेल्या माणसाच्या अंगणात अशी मजा मी बघितली नव्हती. सगळे म्हातारे मनानं आपापल्या तरुणपणीच्या बारमध्ये परत गेले होते. प्रत्येक बढाईनंतर तो थांबायचा. पुरं होऊ द्यायचा. मग हसायचा.

मी सुईकडे बघितलं.

छोटी तबकडी. एक बाजू म्हणजे चहा गार व्हायच्या आत संपते. आणि सुई कधीच लेबलापाशी पोचली होती. शेवटच्या कोऱ्या खाचेत गोल फिरत होती. तिथं काही नसतं. तिथं कुणी काही भरतच नाही.

“ओबुरा कुठाय?” ओग्वेनोनं विचारलं.

“इथंय, भाऊ,” ओबुरा म्हणाला. बढाई मारली नाही. नुसतं तेवढंच.

आता कुणी हसलं नाही. ओपांडेकाका हळूच खाली बसले. त्यांच्या लक्षात आलं असावं.

“काका, थांबवू का?” मी पुटपुटलो.

त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“आई,” ओग्वेनो म्हणाला. “फाटक उघडं आहे का?”

मी सुईला हात घातला. उचलली. वर धरली. तबकडी नुसती फिरत राहिली.

म्हातारीनं डोळे उघडले.

“उघडंच आहे,” ती म्हणाली. “ये.”

“आलो.”

सुई माझ्या बोटांत होती.

कुणी मागे वळून बघितलं नाही. अंगणातली सगळी माणसं झोपडीकडे तोंड करून बसली होती, फाटकाकडे पाठ. एकानंही मान वळवली नाही. मीसुद्धा. पाठीला गार वारा लागला. ओल्या जाळ्याचा, शेवाळाचा वास आला आणि आमच्यामधून वाट काढत गेला. बसलेली माणसं थोडी थोडी बाजूला सरकत गेली. गर्दीतून कुणी जायला लागलं की आपण गुडघे आखडतो, तशी.

मग ओपांडेकाका म्हणाले, “पुरा.”

चार माणसं पेटीपाशी गेली. ती मघाची दोन, आणखी दोन. वाकली, जोर लावला, आणि पेटी अशी वर आली की एकजण मागच्या मागे पडला. कागदाचं खोकं उचलल्यासारखी. दांडग्यानं एका हातानं ती तोलली. माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

“काका, हिच्यात…”

“पेटी उघडत नसतात. पुरा म्हटलं ना.”

पुरली. माती पडताना पोकळ वाजत होती. म्हातारी रडली नाही. ती आपल्या दारात उगाली खात बसली होती, भुकेलेल्या माणसासारखी. ओबुरानं मला सायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं. उतरताना म्हणाला, “झालं ना, सांतुरी? पुरलं ना आपण?”

“पुरलं,” मी म्हटलं.

तबकडी मी तिथंच विसरलो. विसरलो म्हणजे, घेतली नाही.

पुढं बरेच दिवस त्या बाजूला फिरकलो नाही. पावसानं त्या वर्षी दगा दिला, पिकं वाळली. मग एका मास्तराच्या घरची खोकी बघायला त्याच रस्त्यानं जायचं आलं, आणि म्हटलं, ओबुराचं घर झालं असेल, लग्नाचं विचारून यावं. दुपार कलली होती.

फाटकातून आत गेलो. उजवीकडे घर उभं राहत होतं. खांब रोवलेले, काठ्या बांधलेल्या, भिंती मातीनं अर्ध्याच्या वर लिंपलेल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ओबुरा आईच्या दारात जाळं शिवत बसला होता. वाळला होता.

“शाब्बास रे पठ्ठ्या! घर बांधायला घेतलंस की! पण उजवीकडे कसं? धाकट्याची जागा डावीकडे ना?”

“माझं कुठंय?” तो म्हणाला. जाळ्यातून मान वर केली नाही. “थोरला असताना धाकट्यानं आधी बांधायचं असतं का, सांतुरी? तू तरी असं बोलू नकोस. त्याचं झालं की मग माझं. अदोयोला सांगितलंय थांब म्हणून.”

“ती काय म्हणाली?”

“येऊन बघून गेली. मग काही म्हणाली नाही.”

आतून म्हातारीचा आवाज आला, खुशीत. “कोण, सांतुरी का? बस बाबा. उन्हं उतरली की येईल तो कामाला. भेटून जा.”

मी बसतो म्हटलं. आणि उठून त्या भिंतीजवळ गेलो. आजूबाजूची जमीन भेगाळलेली, गवत पिवळं. भिंतीची माती मात्र ओली, नुकतीच थापल्यासारखी. माती हातानं थापतात, तेव्हा हाताचे ठसे उठतातच. सगळीकडे होते. मोठे, लांब बोटांचे, गिटारवाल्याचे असतात तसे. मी एका ठशाजवळ तोंड नेऊन बघितलं, तबकडी बघतो तसं, आडव्या उन्हात. बोटांच्या टोकांवर सुरकुत्या उठल्या होत्या, कपडे धुता धुता बायकांच्या बोटांना येतात तशा. फक्त फार खोल.